हॉस्टेलात नव्याने येणाऱ्यांसाठी: बादली, खाडा आणि एकवीस मतं

सगळ्यात आधी बादली घ्या. गादी नंतर मिळते, खोलीतली पार्टनर कशीही मिळाली तरी चालवून घेता येते; पण बादलीशिवाय हॉस्टेलातली पहिली सकाळ उजाडली की तुम्ही दुसरीच्या बादलीकडे बघत उभ्या राहता, आणि तिथून सुरू झालेली बदनामी पदवी मिळेपर्यंत पुरते.

मी १९९५ साली चिपळूणहून कोल्हापूरला बीएस्सी करायला आले. तीन वर्षं एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात काढली. तिथे मी मेस सेक्रेटरी होते, एक वर्ष विद्यार्थी मंडळावर होते, आणि एकदा ढेकणांविरुद्धच्या मोहिमेची प्रमुखही होते. यंदा भाचीला हॉस्टेल मिळालं. तिला फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगत होते, ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे. मुलग्यांनीही वाचावं. ढेकूण मुलगा-मुलगी बघत नाहीत.

तसं कोल्हापूर या विषयात जुनं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि मग एकेका समाजातल्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहत गेली. म्हणून या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात. दसरा चौकात गेलात तर आसपास त्या पाट्या दिसतील. खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं की तो शिकतो, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. आमच्या हॉस्टेलात जागा होती. जेवणाचं पुढे सांगते.

पायरी पहिली: सामान

बादलीवर ऑइलपेंटनं नाव घाला. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे. नुसतं बाहेरून घातलेलं नाव रॉकेलच्या बोळ्यानं दोन मिनिटांत जातं. मग्याला भोक पाडून तो सुतळीनं बादलीच्या कडीला बांधा. कुलूप स्वतःचं न्या आणि एक किल्ली पार्टनरकडे ठेवा, कारण तुमची किल्ली हरवणार आहे. सुतळी, सेफ्टी पिना, दोरी, चिमटे, टॉर्च, आणि एक जुनी चादर, जी कुणी मागितली तर देता येईल.

घरून चटणी न्या. हे मी मौजेखातर सांगत नाही. हॉस्टेलात खरं चलन चटणीचंच. आमच्या मजल्यावर सोलापूरची एक होती, तिच्या शेंगाचटणीच्या एका वाटीला माझ्या आईची चार आंबोशी मिळायची. इचलकरंजीकडची एक कांदा-लसूण मसाल्याचा डबा कुलपात ठेवायची. मी आमसुलं घेऊन गेले होते. ती कुणी घेतली नाहीत. पुढे पित्त झाल्यावर सगळ्या माझ्याच दारात.

पायरी दुसरी: खोली आणि पार्टनर

खिडकीजवळची कॉट दिसायला छान असते, पण जुलैत गादीला पाणी लागतं. दाराजवळची घेतली तर रात्री बाथरूमला जाणारी प्रत्येकजण तुमच्या पायाला लागून जाते. भिंतीकडची, फॅनच्या पात्याखाली न येणारी कॉट घ्या. कॉट घेण्याआधी ती उभी करून आपटा. काही पडून पळालं, तर ते ढेकूण. सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतून कॉट दिवसभर उन्हात ठेवा. आमच्यातल्या एकीनं रॉकेल ओतलं होतं आणि मग तिथेच मेणबत्ती लावून अभ्यास करायला बसली. तिची पार्टनर जागी होती म्हणून निभावलं.

पार्टनरबद्दल एकच सांगते, भाषेवरून मत बनवू नका. माझी पार्टनर गडहिंग्लजकडची. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "मी जेवून आलो, तू जा जा." मी चिपळूणची, मला वाटलं ही थट्टा करते आहे. आठवडाभरानं कळलं की तिकडे बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो-गेलो'च म्हणतात. वर्षअखेरीला घरी गेले तेव्हा मी आईला म्हणाले, "मी आलो गं." आई माझ्या मागे कोण आलंय ते बघायला लागली.

पायरी तिसरी: माणसं

हॉस्टेलात रेक्टर मॅडम सगळ्यात मोठ्या, हे कागदावर. प्रत्यक्षात आधी ओळख करून घ्यायची ती गेटवरच्या मामांशी आणि स्वयंपाकघरातल्या आक्कांशी. मामांना रोज नमस्कार करा. साडेसातला गेट बंद व्हायचं, आणि सात एकतीसला ते बंद झालंय की नाही हे घड्याळ ठरवत नसे, मामा ठरवत.

बाहेरगावी जायचं तर पालकांचं पत्र लागायचं. काही जणी ते स्वतः लिहायच्या. पकडल्या जायच्या त्या अक्षरामुळे नाही, शुद्धलेखनामुळे. शेतकरी बापाच्या पत्रात 'उपरोक्त विषयान्वये' आलं की मॅडमचा चष्मा खाली यायचा. आता पालकांना थेट फोन जातो, त्यामुळे ही कला संपली.

सीनियर मुलींना मान द्या, पण घाबरू नका. 'ओळख परेड' या नावाखाली काही त्रासदायक चाललं तर ते रॅगिंगच. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम देशभर लागू आहेत. प्रवेश घेताना तुमच्याकडून आणि पालकांकडून जे प्रतिज्ञापत्र भरून घेतात ते यासाठीच. १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. या मुद्द्यावर मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

पायरी चौथी: मेस, म्हणजे मुख्य विषय

मेसमध्ये नव्या मुलीनं पाळायचा पहिला नियम: भाजीबद्दल मोठ्यांदा बोलू नये. मी दुसऱ्या वर्षी जुलैत एका संध्याकाळी म्हणाले, "आमटीत मीठ आहे का नाही?" शांतता पसरली. कोपऱ्यातून आवाज आला, "मग तूच हो की सेक्रेटरी." टाळ्या पडल्या. माझी निवडणूक एवढीच झाली. ना अर्ज, ना प्रचार.

आता हिशोब समजून घ्या. आमच्यासारखी मुलींनीच चालवायची मेस असेल तर महिन्याचा सगळा खर्च, म्हणजे किराणा, भाजी, गॅस, आक्कांचा पगार, भागिले सगळ्यांनी मिळून जेवलेली ताटं. साठ मुली, तीस दिवस, दोन वेळा म्हणजे ३६०० ताटं. त्यातून खाडे वजा करायचे. खाडा म्हणजे आधी सांगून न जेवलेली वेळ. समजा ४८० खाडे पडले, तर उरली ३१२० ताटं. खर्च २८,०८० रुपये असेल तर ताट नऊ रुपयांना पडलं. जी ५२ वेळा जेवली तिचं बिल ४६८.

वहीत हे फार सरळ दिसतं. पहिल्या महिन्यात माझ्या हिशोबानं ताट सात रुपये पडायला हवं होतं, पडलं साडेनऊ. मी तीन रात्री वही घेऊन बसले. वहीत चूक नव्हती, चूक ताटात होती. गावाला जाते म्हणून खाडा टाकणाऱ्या काही मुली गावाला गेलेल्याच नव्हत्या. त्या मैत्रिणीसमोर बसायच्या. ताट एक, हात दोन. वर ज्यांना हॉस्टेल मिळालेलं नाही अशा मैत्रिणी खोल्यांमधून राहत. त्यांना सगळीकडे पॅरासाइट म्हणतात. आमच्याकडे अशा चार होत्या. त्यातली एक तर इतकी जुनी, की नव्या मुलींना मेसचे नियम तीच समजावून सांगायची.

आक्कांनी मला उपाय सांगितला. "पोरी, माणसं मोजू नगंस. चपात्या मोज." भात ताटाला किती लागतो ते सांगता येत नाही, पण चपात्या माणशी अडीचच्या आसपास जातात. जेवणाऱ्या चाळीस आणि चपात्या संपल्या एकशे तीस, तर बारा जणी वहीबाहेरच्या. मी रोज रात्री चपात्यांचा आकडा वहीत लिहायला लागले आणि तो पान उघडून दारात टांगला. कुणाला काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात ताट आठच्या आत आलं. दोन पॅरासाइटनी आपण होऊन गेस्ट म्हणून नाव लावलं. गेस्टचं ताट पंधरा रुपये.

तुम्ही सेक्रेटरी झालात तर आणखी काही. खाड्याची वेळ ठरवा, आदल्या रात्री आठ, आणि ती स्वतःसाठीही मोडू नका. भाजी संध्याकाळी आणा. आम्ही कपिलतीर्थ मंडईत सात वाजता जायचो, तेव्हा मेथीची जुडी निम्म्यावर यायची, फक्त ती तासाभरात निवडावी लागे. महिन्याच्या एक तारखेला उरलेला किराणा मोजा, नाहीतर मागच्या सेक्रेटरीची साखर तुमच्या खर्चात चढते. भाकरी की भात हा वाद सोडवायला जाऊ नका. मी गेले होते. कोकणातल्या आम्ही नऊ, बाकी सगळ्या घाटावरच्या. मतदान घेतलं आणि आम्हाला आठवड्यातून एकदा आमटीत गूळ मिळाला.

तक्रार वही ठेवा. तीत राग निघून जातो. आमच्या वहीतली एक नोंद: 'आजची अंडाकरी छान होती. अंडं असतं तर अजून छान झाली असती.' खाली आक्कांसाठी कुणीतरी वाचून दाखवून उत्तर लिहिलं होतं: 'अंडं मोजून दिलं व्हतं. शेजारनीला इचार.'

पायरी पाचवी: निवडणूक

आमच्या वेळी १९९४ चा विद्यापीठ कायदा होता. प्रचार-मिरवणुकांची थेट निवडणूक त्यानं बंद केली आणि गुणवत्ता आणली. विद्यार्थी मंडळात प्रत्येक वर्गातला पहिला नंबर तो वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर. शिवाय खेळ, एनसीसी, एनएसएस आणि सांस्कृतिक यांतून एकेक, आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली. या सगळ्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा, त्याला सगळे जीएस म्हणत. आमच्या कॉलेजात पंधरा वर्ग, चार हे आणि दोन आम्ही, अशी एकूण एकवीस मतं. त्या दोघींतली एक मी, कारण मॅडमना चपात्यांची वही आवडली होती.

याचा परिणाम काय होतो बघा. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी जर्नल उतरवून घेण्यापलीकडे ढुंकून बघत नाही, ते चष्मेवाले पहिले नंबर एका आठवड्यापुरते राजे होतात. त्यांना चहा मिळतो. मिसळ मिळते, वर कट मागितला तर तोही. आणि मग ते पळवले जातात.

पळवणे म्हणजे मतदानाआधी दोन दिवस आपल्या बाजूचे सीआर ट्रॅक्स जीपमध्ये घालून लांब नेऊन ठेवणे, म्हणजे समोरचा फोडू शकत नाही. श्रीमंत उमेदवार गोव्याला नेत. आमच्याकडचा पन्हाळ्यावर घेऊन गेला, वीस किलोमीटर. नऊ जण होते. दोघांनी जर्नलं बरोबर नेली होती. एकाला गुरुवारचं प्रॅक्टिकल बुडवायचं नव्हतं, तो पहाटे चालत खाली निघाला आणि एसटीनं कॉलेजात हजर झाला. त्याला परत पळवायला माणूस पाठवावा लागला. दुसऱ्या उमेदवारानं आपले नऊ जण मित्राच्या शेतावर ठेवले होते. त्यातले तिघे उसाचं पाचट लागून अंगभर खाजवत मतदानाला आले.

नऊ आणि नऊ अठरा. उरलेली तीन मतं मुलींच्या हॉस्टेलात होती. आम्हाला मात्र कुणी पळवू शकत नव्हतं, कारण पळून जायलाही पालकांचं पत्र लागे.

त्यामुळे दोन्ही उमेदवार भेटायच्या वेळेत, पाच ते सहा, गेटपाशी यायचे. मामा खुर्ची टाकून मध्ये बसत. आम्ही तिघींनी आदल्या रात्री बैठक घेतली आणि एकच मागणी ठरवली: दुसरा बंब. साठ जणींच्या अंघोळीला एक बंब होता. दोघांनीही कबूल केला. आम्ही ज्यानं आधी कबूल केला त्याला मतं दिली. तो बारा विरुद्ध नऊनं निवडून आला, गुलाल उधळला, आणि आठवड्यानं गेटपाशी येऊन मान खाली घालून म्हणाला, "ताई, हॉस्टेल आमच्याकडं येत न्हाई."

खरं होतं. जीएसच्या हातात गॅदरिंग, खेळ, भित्तिपत्रक आणि त्यांचा निधी. बंब रेक्टरच्या अखत्यारीतला. आम्हाला गॅदरिंगला पुढच्या दोन रांगा मिळाल्या, गार पाण्यानं अंघोळ करून बसायला. म्हणून नव्यांनो, कुणाकडून वचन घ्यायच्या आधी त्या पदाला काय देता येतं ते ऑफिसात जाऊन विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

बंब शेवटी आला तो अर्जानं. मी नेहमीची 'विद्यार्थिनींची अतिशय गैरसोय होते' ही भाषा टाकली आणि नुसते आकडे लिहिले. बंबाच्या एका खेपेला आठ बादल्या, एका खेपेला चाळीस मिनिटं. साठ बादल्यांना साडेसात खेपा, म्हणजे पाच तास. पहिला तास सकाळी साडेसातला. तरी पहिल्या मुलीनं अंघोळ पहाटे अडीचला करावी का, कळावे. मॅडमनी अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि शिपायाला हाक मारली. दीड महिन्यात दुसरा बंब बसला.

आता नियम बदलले आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली. तरतूद असणं आणि मतदान होणं यांत अंतर असतं, तेव्हा तुमच्याकडे यंदा काय आहे ते सूचना फलकावर बघा. निवडणूक लढवायचीच असेल तर विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी माहीत हव्यात. सर्वोच्च न्यायालयानं त्या २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवाराला पाच हजारांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. छापील पोस्टर चालत नाही, हातानं रंगवलेलंच, तेही ठरलेल्या जागी. हजेरी ७५ टक्के हवी आणि त्या वर्षी विषय राहिलेला नको. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशोब द्यायचा. मला विचाराल तर शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे, हजेरीपेक्षाही.

पायरी सहावी: गॅदरिंग

इथे फार वेळ घालवत नाही, कारण तुम्ही घालवणारच आहात. दोन सूचना. फिशपाँडच्या, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या, चिठ्ठ्या स्टेजवर वाचण्याआधी तीन जणांनी वाचाव्यात, आणि त्यांतली एक मुलगी असावी. आमच्या वर्षी चाळणी लावायला बसलेल्या मुलाला स्वतःवरचेच अकरा फिशपाँड सापडले, त्यानं ते सगळे गिळले, आणि कार्यक्रमात सरांवरचा मात्र तसाच राहून गेला.

दुसरी, पैशाची. कॉलेजकडून उचल घेतलीत की प्रत्येक खर्चाचं पक्कं बिल घ्या, त्याच दिवशी. आमच्या जीएसनं दोनशे वडापावचं बिल म्हणून सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेला आकडा जोडला होता. अकाउंटंटनी विचारलं, "हे दुकानदाराचं पाकीट की तुमचं?" त्याची अनामत रक्कम पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगपर्यंत अडकली.

पायरी शेवटची: नो ड्यूज

हॉस्टेल सोडताना एक फॉर्म फिरवावा लागतो. लायब्ररी, लॅब, जिमखाना, मेस, सगळ्यांच्या सह्या. लायब्ररीपासून सुरुवात करा, तिथे रांग असते. लॅबमध्ये फुटलेल्या ब्युरेटचे पैसे निघतात. मेसची सही सोपी म्हणून ती शेवटी ठेवतात. मीही ठेवली.

तेव्हाची सेक्रेटरी माझ्याच हाताखाली तयार झालेली होती. चपात्यांची वही, खाड्याचा नियम, सगळं मीच शिकवलेलं. मी फॉर्म पुढे केला, तिनं पेन न उचलता गेल्या वर्षीची वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'दादा आलेला, गेस्ट, १ ताट.' पुढे रक्कम जमा झाल्याची खूण नाही. अक्षर माझं.

"ताई, पंधरा रुपये."

"अगं, मी सेक्रेटरी होते."

"हो. म्हणूनच नियम माहीत असंल तुमास्नी."

मी वर खोलीत गेले, पर्स उलटी केली, आणि सुटे पंधरा रुपये आणून तिच्यासमोर मोजले. तिनं परत एकदा मोजले, वहीत खूण केली आणि मग सही केली.